अंगापेक्षा तीन इंच कमी: क्रोशाचा जाळीदार ब्रालेट टॉप विणताना

12 एप्रिल 2025 ला, शनिवारी, पहिली साखळी घातली आणि 1 जूनला टॉप, म्हणजे दोन कप, त्यांच्याखाली पट्टी आणि पट्टीखाली जाळी, अंगात गेला. मधल्या सात आठवड्यांत छातीखालची पट्टी एकदा पूर्ण उसवली, दोरा कमी पडला, एक गंजाचा डाग पडला आणि वाळवायला ठेवला तेव्हाच पाऊस आला. सुती दोरा लोकरीसारखा वागत नाही, यातली निम्मी उसवाउसव केवळ तेवढं माहीत नसल्यामुळे झाली. म्हणून मापं आणि आकडे जसेच्या तसे लिहितेय.

आधी शब्द. सुईवर वेढा न घेता घातलेला बुटका टाका तो मुका खांब. एक वेढा घेऊन घातला की खांब. व्हिडिओ बघून विणणाऱ्यांची पहिली फसगत इथेच होते, कारण अमेरिकन 'सिंगल क्रोशे' आणि ब्रिटिश 'डबल क्रोशे' हे दोन्ही म्हणजे आपला मुका खांबच. आपला खांब अमेरिकेत 'डबल' आणि ब्रिटनमध्ये 'ट्रेबल'. नमुन्यात कुठेही 'ट्रेबल' दिसत नसेल आणि 'सिंगल' दिसत असेल तर तो अमेरिकन समजावा. उलटं धरलं तर कपाची उंचीच चुकते, आणि तेही तीन-चार ओळी झाल्यावर लक्षात येतं.

दोरा ठाण्यातल्या जांभळी नाक्याच्या बाजारातून आणला. शिवणसामानाच्या दुकानात 'क्रोशाचा दोरा' मागितला की 20 नंबरचा बारीक, रुमाल-तोरणाचा दोरा पुढे येतो. त्यात हा टॉप विणायला बसलं तर पुढचा उन्हाळा उजाडेल. '4 प्लायचा सुती विणायचा दोरा, मर्सराइज्ड' असं स्पष्ट मागावं लागतं. मर्सराइज्ड म्हणजे कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया केलेला, 19व्या शतकात जॉन मर्सर या इंग्रजाने काढलेल्या पद्धतीचा. त्याला चमक असते, रंग चांगला धरतो आणि तंतू कमी सुटतात. मोतिया रंगाचे 50 ग्रॅमचे तीन गुंडे घेतले, 140 रुपयांना एक. दुकानदार म्हणाले, "ताई, अजून एक घेऊन ठेवा, लेबल फोडलं नाहीत तर पंधरा दिवसांत परत घेतो." घेतला नाही. गुंड्याच्या कागदी पट्टीवर दोन आकडे असतात, एक रंगाचा आणि दुसरा लॉटचा, म्हणजे एका वेळी रंगवलेल्या खेपेचा. रंगाचा आकडा तोच असला तरी लॉट बदलला की छटा बदलते. निदान बिलावर लॉट लिहून घ्यायला हवा होता.

सुया दोन लागतात, 3 मिलिमीटर आणि 2.5 मिलिमीटर. साध्या राखाडी अॅल्युमिनियमच्या जोडीला 90 रुपये दिले ते वाया गेले. एप्रिलमधल्या ठाण्यात हाताला घाम सुटतो, घामट हातात ही सुई घासली जाते आणि मोतिया दोऱ्यावर राखाडी पट्टे उमटतात. रंगीत मुलामा असलेल्या, मऊ मुठीच्या दोन सुया 260 रुपयांना घेतल्यावर ते थांबलं. घामाचा दुसरा त्रास म्हणजे दोरा बोटावरून सरकत नाही, टाके घट्ट होत जातात. दर अर्ध्या तासाने हात धुऊन कोरडे करायचे. टाल्कम पावडर नको, ती टाक्यांत बसते.

पहिल्या दिवशी फक्त नमुन्याचा चौकोन विणला, 24 खांबांच्या 12 ओळी. 3 च्या सुईने 10 सेंटिमीटरमध्ये 22 खांब आणि 11 ओळी बसल्या. तो चौकोन धुतला, वाळवला आणि खाली चार चिमटे लावून रात्रभर दोरीला टांगला. सकाळी 10 सेंटिमीटरची उंची 10.6 झाली होती. लोकर ताणली की परत जागेवर येते. सूत ताणलं की बऱ्याच अंशी तसंच राहतं. त्या चौकोनाने पहिल्याच दिवशी हे सांगितलं होतं. मी आकडा वहीत टिपला आणि विसरून गेले.

19 एप्रिलला पहिला कप. अंगाची मापं होती छातीखाली 30 इंच, छातीवर 34 इंच. 18 साखळ्या, चौथ्या साखळीपासून शेवटच्या साखळीच्या अलीकडेपर्यंत प्रत्येकीत एक खांब. शेवटच्या साखळीत 2 खांब, 2 साखळ्या, 2 खांब. हे कपाचं टोक. मग न फिरवता त्याच साखळ्यांच्या दुसऱ्या कडेने परत. सुरुवातीच्या 3 साखळ्या एक खांब धरल्या तर दोन्ही बाजूंना 17-17 खांब मोजता आले पाहिजेत. काम फिरवायचं, 3 साखळ्या, खांबावर खांब, टोकाच्या घरात (त्या 2 साखळ्यांच्या फटीत) पुन्हा 2 खांब, 2 साखळ्या, 2 खांब. दर ओळीला प्रत्येक बाजूला 2 वाढतात. नवव्या ओळीला प्रत्येक बाजूला 33 आले की थांबायचं. तळाची रुंदी साडेसहा इंच होते, 34 इंच छातीला ती पुरते. छाती भरलेली असेल तर ओळी वाढवायच्या, एका ओळीने तळ साधारण पाऊण इंच वाढतो.

तिसऱ्या-चौथ्या ओळीला त्रिकोण सपाट न राहता मधोमध फुगतो, तेव्हा घाबरून उसवू नका. सपाट गोल विणताना खांबांच्या फेरीला 12 खांब वाढवावे लागतात, म्हणजे अर्ध्या गोलाला 6. इथे आपण टोकाला अर्धा फेरा मारतोय, पण वाढवतोय फक्त 4. कमी पडलेल्या त्या दोनांमुळेच खोलगटपणा येतो आणि तोच हवा आहे. कप फारच टोकदार वाटला तर एखाद्या ओळीत टोकाला दोनाऐवजी तीन-तीन खांब घालून तो बसवता येतो.

इथे चूक होते ती ओळीच्या शेवटी. आधीच्या ओळीच्या 3 साखळ्यांवरचा खांब राहून जातो आणि एक बाजू 31, दुसरी 33 अशी निघते. पहिल्या दोन ओळींत त्या तिसऱ्या साखळीत सेफ्टी पिन लावून ठेवली की डोळा सरावतो. दुसरा कप निम्म्याहून जास्त ठाणे ते सीएसएमटी लोकलमध्ये झाला. बसायला मिळालं तर कप गाडीत विणता येतो, कारण मोजायचं फारसं नसतं. जाळी गाडीत नको. प्रत्येक कपाला तीन तास, आणि स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर प्रत्येकाचं वजन 21 ग्रॅम. हा काटा पुढे फार उपयोगी पडला.

आता पट्टी. सगळा टॉप हिच्यावर उभा असतो, खांद्याचे पट्टे फक्त कप वर धरतात. पट्टी आडवी विणायची: 9 साखळ्या, त्यावर 8 मुके खांब, आणि दर ओळीत टाक्याच्या फक्त मागच्या धाग्यात सुई घालायची. त्याने उभ्या धारी पडतात आणि सुताला जेवढी लवचीकता देता येते तेवढी मिळते. सुई 2.5 ची. 10 सेंटिमीटरमध्ये 26 ओळी बसतात.

अंगाचं माप 30 इंच, पाठीवर नाडीसाठी 4 इंचांची फट, म्हणून 26 इंच पट्टी, म्हणजे 172 ओळी. हिशेब अगदी बरोबर वाटला. 27 एप्रिलला संपली, कप टाचून घालून पाहिली. आरशात छान. घरातल्या घरात दोन तास घालून वावरल्यावर पट्टी दीड इंच खाली उतरली होती. नाडी ओढली तर पाठीची फट मिटली तरी पट्टी सैलच. अंगाची ऊब, घाम आणि वजन मिळून सूत लांबतं, आणि अंगाच्या मापाची पट्टी पहिल्या तासातच मापाबाहेर जाते. तो चौकोन हेच तर सांगत होता.

1 मेची सुट्टी उसवण्यात गेली. फार चिडचिड झाली, कारण कापलेली टोकं आत शिवून टाकली होती. घालून पाहिल्याशिवाय टोकं आत शिवू नका. उसवलेला दोरा कुरळा होतो आणि त्याच्याने विणलं तर टाके उंच-ठेंगणे येतात. तो खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी करायची, चार ठिकाणी सैल बांधायची, पाण्यात बुडवून पिळून हँगरला टांगायची, खाली एक चमचा अडकवायचा. रात्रीत सरळ होतो.

दुसरी पट्टी 23 इंचांची केली, 152 ओळी. अंगावर ती 26 इंचांपर्यंत ताणली जाते आणि ताणलेली असते म्हणूनच धरते. माझ्या हातच्या विणीला 11-12 टक्के कमी जमलं. तुमची वीण सैल असेल तर आणखी कमी करावं लागेल. विणून झाली की पट्टी हाताने ओढून मोजपट्टीवर धरा. 26 इंचांपर्यंत जोर न लावता जायला हवी. ताणावं लागलं तर ती घातल्यावर काचते.

4 मेला कप जोडले. कपाच्या तळाशी ओळींच्या कडा असतात. प्रत्येक खांबाच्या कडेत 2 मुके खांब, मधल्या साखळीत 1, असे एका कपाला 37. दोन कपांचे 74 आणि मधे 2, एकूण 76. पट्टीच्या 152 ओळींतल्या मधल्या 76 ओळींना, म्हणजे दोन्हीकडे 38-38 सोडून, एकास एक जोडायचं. टेबलावर ठेवलं की कप पट्टीवर चुणल्यासारखे दिसतात, कारण पट्टीच्या ओळी दाट आहेत. अंगावर पट्टी ताणली की चुण्या जातात. माझी टेबलावरचं पाहून पुन्हा उसवायची तयारी झाली होती.

पट्टीच्या खालच्या कडेला जाळी. कडेवर प्रत्येक ओळीला एक मुका खांब घालायचा, एकच गाळायचा, म्हणजे 151 होतात. हा नमुना 6 च्या पटीत अधिक 1 असा आहे, म्हणून 25 शिंपले बरोबर बसतात. सुई पुन्हा 3 ची. शिंपल्याची ओळ अशी: 1 मुका खांब, 2 टाके सोडून पुढच्या एकाच टाक्यात 5 खांब, प्रत्येक दोन खांबांमध्ये 1 साखळी, पुन्हा 2 सोडून 1 मुका खांब. दुसरी ओळ कमानीची: 5 साखळ्या (खांब आणि 2 साखळ्या धरून), शिंपल्याच्या मधल्या खांबावर मुका खांब, 2 साखळ्या, दोन शिंपल्यांमधल्या मुक्या खांबावर खांब, 2 साखळ्या, असं शेवटपर्यंत, शेवटी खांब. पुढच्या शिंपल्याच्या ओळीत शिंपले या खांबांवर येतात आणि मुके खांब मुक्या खांबांवर. त्यामुळे दोन्ही टोकांना 3 खांबांचा अर्धा शिंपला आणि मधे 24 पूर्ण. अर्धा शिंपला विसरला की दर दोन ओळींना जाळी निमुळती होत जाते, आणि कडेची तिरकी रेष दिसेपर्यंत तुम्ही सहा ओळी पुढे गेलेल्या असता. दर शिंपल्याच्या ओळीनंतर फक्त शिंपले मोजा.

दोन ओळींची एक जोडी विणायला सव्वा तास लागतो आणि 10 ग्रॅम दोरा जातो. 10 मेला तीन जोड्या झाल्यावर उरलेला दोरा काट्यावर ठेवला, 32 ग्रॅम. अजून पाच जोड्या म्हणजे 50 ग्रॅम, आणि कडा-पट्ट्यांचे साधारण 20. त्याच दुकानात गेले. रंग होता, लॉट संपला होता. गोखले रोडला आणि वाशीला विचारून पाहिलं, तिथेही नाही. नवा गुंडा दुकानातल्या ट्यूबलाइटखाली जुन्यासारखाच दिसतो. दाराशी, दिवसाच्या उजेडात धरला की पिवळट झाक कळते.

नव्या लॉटच्या सलग ओळी खाली आल्या असत्या तर पट्टा दिसला असता. म्हणून आळीपाळीने, शिंपल्याची ओळ जुन्या दोऱ्याने आणि कमानीची नव्या. पण दर ओळीला काम फिरवलं तर हवा तो दोरा नेहमी दुसऱ्या टोकाला राहतो. युक्ती अशी: जुन्याने शिंपल्याची ओळ संपली की शेवटचा फास मोठा करून सेफ्टी पिनेत अडकवायचा, काम फिरवायचं नाही, आणि नवा दोरा उजव्या टोकाला जोडून त्याच बाजूने कमानीची ओळ घालायची. आता दोन्ही दोरे एकाच टोकाला आले. मग काम फिरवून पुढची जोडी. अशा पाच जोड्यांना जुना 30 ग्रॅम लागला, 2 ग्रॅम उरला. तीन जोड्यांनंतर तोलला नसता तर हा उपाय हातात राहिला नसता.

कपांच्या मोकळ्या कडांना 2.5 च्या सुईने मुक्या खांबांची एक ओळ, आणि ती विणताना बारीक गोल इलॅस्टिक (मीटरभर, 20 रुपये) कडेला धरून त्याच्यावरून टाके घ्यायचे. सुती कड गळ्याशी उघडी पडते ती याने थांबते. इलॅस्टिक ओढायचं नाही, नुसतं आत ठेवायचं.

खांद्याचे पट्टे आधी मानेमागे बांधायचे केले होते, साखळीवर स्लिप स्टिच (दोरा थेट फासातून ओढायचा, सगळ्यांत बुटका टाका) घालून. अर्ध्या तासात मान दुखायला लागली आणि 17 इंचांचा पट्टा 19 च्या जवळ गेला. मग जाडसर दोरी विणली: 2 साखळ्या, पहिल्या साखळीत मुका खांब, काम डावीकडे फिरवून कडेच्या दोन धाग्यांत मुका खांब, पुन्हा फिरवून तसंच. कंटाळवाणं आहे, पण ही दोरी फार लांबत नाही. माप 15 इंच आलं, दोरी साडेतेरा केली आणि पाठीवर फुली करून पट्टीला टाचली. पाठीच्या दोन्ही कडांना 3 साखळ्यांची पाच-पाच काजी आणि त्यांतून नाडी.

24 मेला, शनिवारी, टॉप मापावर बसवायला घेतला. याला ब्लॉकिंग म्हणतात; हे केल्याशिवाय जाळी गोळा झालेलीच दिसते. गार पाण्यात लोकरीच्या कपड्यांचं लिक्विड घालून 20 मिनिटं भिजवायचं, पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं. भिजल्यावर वजन 400 ग्रॅमच्या पुढे जातं, म्हणून उचलताना दोन्ही हातांच्या ओंजळीत घ्यायचा, पट्ट्यांना धरून नाही. मुलांच्या खेळण्याच्या फोमच्या चटईवर पसरून प्रत्येक शिंपल्याचं टोक पिनेने ओढायचं. पट्टी मात्र ओढायची नाही, तिला पिनाच लावायच्या नाहीत. कपांत छोट्या वाट्या पालथ्या घालायच्या.

साध्या टाचण्या वापरल्या ही चूक. हवा आधीच दमट होती, एप्रिलमध्ये रात्रीत वाळणारी गोष्ट रविवारी रात्रीही गार लागत होती. 26 मेला मुंबईत मान्सून दाखल झाल्याचं जाहीर झालं, नेहमीच्या 11 जूनच्या 16 दिवस आधी. पंख्याखाली तिसऱ्या दिवशी वाळला, तोवर दोन टाचण्यांचा गंज खालच्या कडेला उतरला होता आणि कुबट वासही यायला लागला होता. लिंबू-मीठ लावून डाग फिका केला. रंगीत दोरा असेल तर आधी नमुन्याच्या चौकोनावर करून पाहावं. मग स्टेनलेस स्टीलच्या टी-पिना आणल्या, 120 रुपये, आणि फक्त तेवढा भाग पुन्हा बसवला.

अस्तर शेवटी. जाळीखाली पांढरं अस्तर बाहेरून उठून दिसतं, आपल्या कातडीच्या रंगाच्या जवळचं घ्यावं. ब्लाउजपीसच्या दुकानात टू बाय टू रुबियाचा अर्धा मीटर 55 रुपयांना मिळाला. आधी धुऊन आटवायचा. कप कागदावर उतरवून, अर्धा इंच शिलाई धरून, कापड उरेब (तिरकं) कापायचं, म्हणजे ते कपाबरोबर वळतं. तयार पॅड 70 रुपयांना जोडी, ते अस्तराच्या आत. अस्तर फक्त कपांना, जाळीला नाही. नाक्यावरच्या टेलरकाकांनी मशीनवर करून द्यायचे 250 सांगितले, पण मशीनचा पाय टाक्यांच्या फटीत अडकतो. हातशिलाई केली, तीन तास गेले. शिवताना क्रोशाच्या टाक्याच्या मागच्याच धाग्यातून सुई घ्यायची आणि दोरा सैल ठेवायचा. ओढून शिवलं की घातल्यावर पहिली तिथली शिवण उसवते.

एकूण खर्च 1175 रुपये, त्यात वाया गेलेल्या सुयांचे 90. रिक्षाभाडं धरलं नाही. उसवण्यासह साधारण 45 तास. बाजारात यापेक्षा स्वस्तात टॉप मिळतो, त्यामुळे पैसे वाचवायला कुणी हे करू नये.

लिननच्या शर्टाखाली आणि पलाझोवर तो नीट दिसतो, पण सगळ्यांत बरा दिसला सुती साडीवर, ब्लाउज म्हणून. धुवायचा हातानेच, वाळवायचा टॉवेलवर आडवा, आणि ठेवायचा घडी घालून. हँगरला लावला की आठवड्यात जाळी अर्धा इंच उतरते. तीनदा घालून-धुऊन झाल्यावर पट्टी मोजली. 23 ची साडेतेवीस झाली आहे, नाडीची एक गाठ पुढे घेतली.